कुंपणापलीकडचा वाफा

५ मे २०२४, रविवार

ही वही फक्त वाडीसाठी. काय पेरलं, कधी पेरलं, कधी उगवलं, एवढंच लिहायचं. मागच्या वर्षी भेंडी केव्हा लावली ते मला आठवेना, तेव्हा माझी बायको कॅथरिन म्हणाली, "लिहून ठेव की. रोझरी पाठ राहते तुझी, भेंडी मात्र विसरतोस."

इथे कॅनडात, ब्रॅम्पटनला आमच्या घरामागे वाडी म्हणजे दोन गाड्या उभ्या राहतील एवढी माती. वसईला गासमध्ये बाबांची पानवेलीची वाडी होती, तिच्यापुढे ही काहीच नाही. पण वाल त्याच वाडीतले आहेत. दरवर्षी मूठभर बी राखतो. आता त्यांना इथल्या थंडीची सवय झाली आहे; मला अजून व्हायची आहे.

माती गार आहे. दुधीचं बी भिजवून बेसमेंटच्या खिडकीत कपांत लावलं. क्लॅरिसाचं कॉलेज संपलं. उन्हाळाभर घरीच आहे, ग्रोसरीत काम असेल तेवढे दिवस सोडून. चर्चमधल्या मिस्सावरून आल्यावर स्वतःहून म्हणाली, "पप्पा, मुळा मी लावू?" मला फार बरं वाटलं. तिने ओळ लावली, पण साप गेल्यासारखी वाकडी. ती आत गेल्यावर मी दोरी बांधली, बी उकरून पुन्हा सरळ रेषेत टाकलं. तिला कळायचंही नाही.

१८ मे, शनिवार

मुळा उगवला. सरळ सुतात. क्लॅरिसाला हाक मारून दाखवला. बराच वेळ बघत राहिली. "नाइस," म्हणाली आणि आत गेली.

मला पाटाचं पाणी फिरवायला बाबांनी कधी दिलं नाही. लग्नाच्या वयाचा झालो तरी म्हणायचे, "तू उभा राहा, बघ." मी बघून शिकलो. हल्लीच्या मुलांना बघायला धीर नाही.

२० मे, सोमवार

व्हिक्टोरिया डेची सुट्टी. क्लॅरिसा वाडीत येईल म्हणून वांग्याची रोपं राखून ठेवली होती. ती आलीच नाही. मग कुंपणापलीकडून तिच्या हसण्याचा आवाज आला.

शेजारी गेल्या हिवाळ्यात एक बाई राहायला आल्या आहेत. फेलिसा नाव. सत्तरीच्या, ठेंगण्या, पायात रबरी बूट, डोक्यावर बहुधा नवऱ्याची जुनी टोपी. मुलगा ट्रक चालवतो, घर भाड्याचं. चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर असतात. मी कॅथरिनला म्हणालो, "ती फिलिपिनो बाई आपल्या पोरीला राबवते आहे." क्लॅरिसाने आत येता येता ऐकलं. "शी इज इबालोय, पप्पा. फिलिपिन्सच्याच, पण बेंगेटच्या डोंगरातली. कबायान तिचं गाव. आणि ती राबवत नाही, मी मातीच्या पिशव्या उचलून दिल्या."

"आपल्याकडेही पिशव्या आहेत," मी म्हणालो.

"तुम्ही उचलून ठेवल्या आहेत ऑलरेडी."

२ जून, रविवार

हे लिहू नये, पण वही माझी आहे.

कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून बघत होतो. मुद्दाम नाही, टोमॅटोला काठ्या लावत होतो. इबालोय लोक घराजवळच्या बागेला बा-एंग म्हणतात, हे मला क्लॅरिसाने जेवताना सांगितलं. जणू वाडी हा शब्द तिने कधी ऐकलाच नाही. खणायच्या आधी त्या बाई उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भाषेत काही पुटपुटल्या. नंतर क्लॅरिसाला म्हणाल्या, "आईला सांगितलं, आज लावतो आहोत म्हणून." आई मरून तीस-पस्तीस वर्षं झाली असतील. मला ते पटलं नाही. मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी, त्यांच्याशी गप्पा काय मारायच्या? पण आमची आयही पेरायच्या आधी सुपातल्या बियांवर क्रूस काढून म्हणायची, "म्हाताऱ्यांनो, लक्ष ठेवा." हे मला लिहिता लिहिता आठवलं.

मातीचे उंचवटे केले होते आणि त्यात रताळ्याच्या वेलाचे तुकडे लावायचे होते. कोपऱ्यातला एक वाफा दाखवून बाई म्हणाल्या, "हा तुझा. यात मी बोट घालणार नाही. आमच्यात मुलीला वाफा दिला की दिला."

क्लॅरिसाने वेल लावले. दोन तर सरळ उलटे, शेंडा जमिनीत! आणि बाई काय करत होत्या? एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट पकडून, हात पाठीमागे बांधून उभ्या. एखाद्या मोठ्या साहेबासारख्या. सगळं दिसत होतं त्यांना, तोंडातून शब्द नाही. माझे हात कुंपणाच्या अलीकडे शिवशिवत होते.

ही कसली शिकवण? मला हसू आलं. खरं सांगायचं तर हसू आलं नाही.

१६ जून, रविवार

फादर्स डे. क्लॅरिसाने मला गुडघ्याखाली घ्यायची मऊ गादी दिली, वाडीत काम करताना वापरायला. चांगली आहे. मग म्हणाली, "माझा वाफा बघायला येता? दोन वेल मेले, पण मी परत लावले. आता मला कळतं कुठली बाजू वर."

मी म्हणालो, वेळ नाही. वेळ होता.

संध्याकाळी न राहवून विचारलं, "आपल्या वाडीत काय कमी आहे गं?"

"काहीच नाही, पप्पा. देअर इज नथिंग लेफ्ट टू डू."

वाडीचं कौतुक केलं तिने, तेवढं समाधान. पण मग जाते कशाला तिकडे?

कॅथरिन वृद्धाश्रमात रात्रपाळी करून आली होती, डोळ्यांवर झोप. तरी म्हणाली, "तू कुंपणाच्या फटीला डोळा लावून बसलास तर डोळा येईल एक दिवस."

"मी काठ्या लावत होतो."

"बारा महिने?"

६ जुलै, शनिवार

सकाळच्या मिस्सात फादरांनी दोन भावांच्या अर्पणाची गोष्ट सांगितली. एकाचं देवाला आवडलं, दुसऱ्याचं नाही. लहानपणापासून ऐकतो आहे, पण आज पहिल्यांदा ध्यानात आलं की ज्याचं नाकारलं तो मळेवाला होता. त्याने काय आणलं असेल? चांगलंच आणलं असणार. माणूस आपला वाईट भोपळा देवाला नेत नाही.

घरी येताना क्लॅरिसा त्या बाईंच्या पिशव्या धरून पुढे चालत होती. माझी पिशवी माझ्याच हातात. जड नव्हती.

तिच्या वाफ्यातले वेल बारीक आहेत. लोक म्हणतील, वसईच्या सिरीलची मुलगी आणि हे काय लावलंय. बाबा पानवेलीला मासळीचं खत घालायचे. पान असं व्हायचं की तळहात झाकेल. माझ्या शेडमध्ये बादली आहे, ग्रोसरीतल्या फिश काउंटरवरून मागून आणलेली माशांची डोकी आणि आतडी, गूळ घालून मुरवलेली. दुपारी क्लॅरिसा कामावर, बाई मुलाबरोबर बाहेर. कुंपणाचं फाटक उघडंच असतं. तिच्या वाफ्याला भरपूर दिलं. बाईंच्या वाफ्यांना थेंब नाही.

चोरी करतात ते घेतात. मी तर दिलं.

९ जुलै, मंगळवार

रात्री रॅकून आले आणि क्लॅरिसाचा वाफा उकरून गेले. बाकी एकाही वाफ्याला हात नाही. बाई कंबरेवर हात ठेवून हसत होत्या. "या रॅकूनला रताळी नको, त्याला दुसरंच काही हवं होतं." क्लॅरिसा हसली नाही. खाली बसून माती हुंगली, वेल पुन्हा दाबले, वरून जाळी टाकली.

माझी खताची बादली शेडमध्ये स्वच्छ धुऊन पालथी घातलेली दिसली. कॅथरिनने धुतली असावी; वास आला की ती गप्प बसत नाही.

नवीन मुरवायला घातलं.

१० ऑगस्ट, शनिवार

काय वेल आहेत! क्लॅरिसाचा वाफा नाहीसाच झाला आहे, नुसतं हिरवं गालिच्यासारखं. बाईंचे वेल त्यापुढे आजारी वाटतात. मधल्या काळात दोनदा खत दिलं, आणि वरून थोडी माती, रॅकूनला वास जाऊ नये म्हणून.

आज कुंपणाजवळ उघड उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "बघ सिरील, तुझ्या मुलीची पानं!"

"येस," क्लॅरिसा म्हणाली. "सो मेनी लीव्ज." आणि माझ्याकडे बघत राहिली. मी कपाळाचा घाम पुसला. शेवटी रक्त कुणाचं.

मग बाई तिला आपल्या वाफ्याकडे घेऊन गेल्या. मातीच्या उंचवट्याला बारीक भेग गेली होती. "आत वाढायला लागलं की माती अशी फाटते," म्हणाल्या. क्लॅरिसाने आपल्या वाफ्यावर वाकून, पानं बाजूला करून भेग शोधली. नव्हती. मला तर त्यात वावगं वाटलं नाही. ओल चांगली असली की माती कशाला फाटेल?

दुधी उतरले. वाल उशिरा, पण भरपूर.

८ सप्टेंबर, रविवार

मरियामातेचा जन्मदिवस. मिस्सानंतर बाईंनी सांगितलं, मुलाला कॅल्गरीत काम मिळालं आहे. नोव्हेंबरात जाणार. तिथे काँडो आहे, विसाव्या मजल्यावर. माती नाही. नात तिथेच राहते. फोनवर बाग दाखवली की ती म्हणते, "ग्रँडमा, तुला गवत एवढं का आवडतं?" हे सांगून बाई स्वतःच हसल्या.

मला आनंद झाला. देवा, क्षमा कर. पहिला विचार तोच आला: पोरगी परत येईल. तोंडाने मात्र म्हणालो, "अरेरे." कॅथरिनने माझ्याकडे असं बघितलं की मी देवळाच्या पायऱ्या मोजू लागलो.

घरी आल्यावर क्लॅरिसा वॉशरूममध्ये गेली, दार बराच वेळ बंद होतं. आत पाण्याचा नळ चालू. नळाखाली कुणी एवढा वेळ हात धूत नाही.

कुमसाराला जायला हवं, फादरांपुढे पाप कबूल करायला. पण काय सांगू? शेजारणीच्या रताळ्यांचा हेवा वाटतो म्हणून? फादर गोव्याचे आहेत, हसतील.

२८ सप्टेंबर, शनिवार

थंडी पडायच्या आत रताळी काढायची म्हणून बाईंनी आम्हालाही बोलावलं. कॅथरिन गेली. मग मीही गेलो.

आधी बाईंचे वाफे. त्या फावडं वापरत नाहीत. टोकदार काठीने माती सैल करतात आणि बोटांनी आत चाचपतात, जसं आंधळं माणूस ओळखीच्या चेहऱ्यावरून हात फिरवतं. मोठी मोठी रताळी, जांभळट सालीची. एकेक काढून त्या कॅथरिनच्या ओटीत देत होत्या आणि कॅथरिन "बाई गं, बाई गं" करत होती.

मग क्लॅरिसाचा वाफा. वेल बाजूला करायलाच वेळ लागला. तिने काठी घातली, हात घातला, कोपरापर्यंत घातला. पेन्सिलीएवढी मुळं निघाली. दुसरा उंचवटा, तसाच. तिसरा. सगळा वाफा उलटला, एक रताळं नाही.

मला तिथेच समजलं. पानवेलीला पान हेच पीक. बाबांच्या वाडीत जमिनीखाली काय आहे हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

बाई खाली बसल्या, माती बोटांत चुरली, नाकाशी नेली. मग शांतपणे विचारलं, "याला कुणी खायला घातलं?"

मी बोलायला हवं होतं. माझं तोंड उघडलंही असेल.

"आय डिड, आंटी," क्लॅरिसा म्हणाली. "मला वाटलं, मदत होईल."

बाई उठल्या. हात पाठीमागे गेले, एका हाताने दुसरं मनगट धरलं. त्यांनी क्लॅरिसाकडे नाही बघितलं. माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. जशा त्या उलट्या लावलेल्या वेलांकडे बघत होत्या, तसं.

मी दूध आणायचं आहे असं काहीतरी सांगून घरी आलो. घरात दोन पिशव्या दूध होतं.

२९ सप्टेंबर, रविवार

मिस्सावरून आल्यावर क्लॅरिसाला वाडीत बोलावलं. म्हणालो, "खत मी घातलं होतं."

"आय नो, पप्पा."

"कधीपासून?"

"जुलैपासून. तुमची बादली मीच धुतली. आय थॉट, तुम्हाला समजेल की मला समजलंय."

"मग बोलली का नाहीस? जाळी टाकलीस, खोटं बोललीस त्यांच्यासमोर—"

"माझा वाफा होता. माझ्या वाफ्यात जे झालं ते माझं." ती वालाची सुकलेली शेंग सोलत होती. "आणि तुम्हाला सांगून काय? तुम्ही सगळंच फिक्स करता. मे महिन्यात मी मुळा वाकडा पेरला होता, पप्पा. मी वाकडा पेरला आणि तो उगवला सरळ."

तिला कळणारही नाही असं मी लिहिलं होतं.

"तिथे माझे दोन वेल मेले," ती म्हणाली, "पण ते मी मारले होते." आणि रडली नाही, हसली. शेंगेतले दाणे माझ्या हातावर ठेवून आत गेली. चांगले टपोरे आहेत, बियाला राखायचे.

संध्याकाळी फाटकातून पलीकडे गेलो. बाईंना म्हणालो, मी होतो तो. इंग्रजी माझं मोडकं, पण एवढं सांगायला पुरलं. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे. तुझ्या अंगाला गेले तीन महिने मासळी बाजाराचा वास येतो." आणि मला बसवून चहा दिला. त्यांना माझा राग आला असता तर सोपं गेलं असतं.

५ ऑक्टोबर, शनिवार

कुमसार केला. फादर हसले नाहीत. म्हणाले, "प्रायश्चित्त म्हणून काय करशील, तूच सांग." असं कुणी विचारतं का? अजून सुचलेलं नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

थँक्सगिव्हिंगची मिस्सा. गावाकडे याच महिन्यात आगेरा असतो, नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळात नेतात. इथे लोक मक्याची कणसं, सफरचंदं, डब्यातलं सूपसुद्धा वेदीपुढे ठेवतात. मी दरवर्षी सगळ्यांत लांब दुधी नेतो. लांबच न्यायचा, हा माझा हट्ट.

बाईंनी रताळ्यांची टोपली नेली. क्लॅरिसाने काय न्यावं? रताळ्याचे कोवळे शेंडे, मोठी जुडी, तिच्या वाफ्यातले, थंडी पडायच्या आधी काढून पाण्यात ठेवलेले. बाईंनीच सांगितलं होतं: "पानं आली ना? मग पानं ने. जे आलं ते न्यायचं." त्यांच्याकडे ही भाजी खातात. कॅथरिनने आदल्या दिवशी लसूण घालून परतली होती. मी दोनदा घेतली.

फादरांनी वेदीपुढे येऊन सगळ्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. त्या जुडीशी थांबून विचारलं, हे काय? क्लॅरिसाने सांगितलं. माझ्या दुधीपाशी कुणी थांबलं नाही. छातीत पुन्हा तेच टोचलं. मरेपर्यंत टोचणार बहुतेक.

वेलांचे बाकीचे तुकडे बाईंनी बरण्यांत घालून क्लॅरिसाला दिले. एवढे जोमदार वेल त्यांच्या वाफ्यांत नव्हते, म्हणून पुढच्या वर्षाचं बियाणं तिच्याच वाफ्यातून. बरण्या आमच्या बेसमेंटच्या खिडकीत आहेत. मी जागा करून दिली, माझे कप हलवून.

२६ ऑक्टोबर, शनिवार

बाई पुढच्या शनिवारी जातात. मुलगा सामान बांधतो आहे. त्यांनी आपली टोकदार काठी क्लॅरिसाला दिली. विमानात नेऊ देणार नाहीत, हे कारण सांगितलं.

सकाळी क्लॅरिसा माझ्यासमोर उभी राहिली. "पप्पा, आपल्या वाडीतली अर्धी जागा मला द्याल?"

"अर्धी?"

"रताळ्यांना लागते. मेमध्ये. आणि लसूण आजच लावायचा आहे. आंटी म्हणते, बर्फाच्या आधी लावला तर—"

लसूण बर्फाच्या आधी लावायचा हे मला या देशात आल्यापासून माहीत आहे. दरवर्षी लावतो. ओठांवर आलं होतं. म्हणालो, "घे."

"म्हणजे माझी? पूर्ण?"

"दिली की दिली."

तिने माझ्याकडे जरा रोखून बघितलं. मग काठी घेऊन दुधीच्या जागेपासून खुणा करायला लागली. दोरी मागितली नाही. दोरी शेडमध्ये खिळ्याला टांगलेली होती, मला दिसत होती.

ती गुडघ्यावर बसून लसणाच्या पाकळ्या एकेक करून लावू लागली. ओळ वाकडीच. मी तिला ती मऊ गादी दिली, ती तिने घेतली. मग मी मागे सरकून उभा राहिलो. हात कुठे ठेवायचे कळेना. खिशात घातले, बाहेर आले. शेवटी पाठीमागे नेले आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, घट्ट. त्या बाईंना हे उन्हाळाभर कसं जमलं? सत्तरीची म्हातारी आणि मनगटात एवढी ताकद.

फाटकात फेलिसाबाई येऊन उभ्या होत्या, टोपी घालून. माझे हात बघितले.

कॅथरिनने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं, "सिरील, असा का उभा आहेस, पोलिसांनी धरल्यासारखा?"

क्लॅरिसा मागे वळून बघणार तेवढ्यात मी म्हणालो, "काही नाही, थंडी आहे."

तिची ओळ संपली. हात झटकून ती बाईंबरोबर सामान बांधायला गेली. वाडीत मी एकटाच. माती मऊ होती. कुठे काय ते सगळं मला दिसलं होतं.

नोंद: लसूण लावला. क्लॅरिसाने. कुंपणाकडच्या बाजूची एक पाकळी उलटी आहे. तशीच आहे.